आधी नंबर, मग राग

तबकड्या जमवणाऱ्यांच्या प्रश्नोत्तरांचं हे पान. या अंकात सोलापूर आणि आसपासच्या वाचकांची पत्रं घेतली आहेत. उन्हाळा तोंडावर असल्यामुळे काही पत्रं उष्णतेची आणि पाण्याची आहेत.

प्रश्न (विजापूर रोड): उत्तर कसब्यातला एक वाडा पाडण्यापूर्वी तिथल्या माळ्यावरच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या, तबकड्या आम्ही गठ्ठ्यानं घेतल्या. मोजल्या तर त्रेचाळीस निघाल्या. त्यात मराठी नाट्यपदं आहेत, ख्याल आहेत, काहींवर कन्नड आणि तेलुगू मजकूर आहे. आमची सात-आठ जणांची महिन्याची बैठक असते, तिथं प्रत्येक जण नवी खरेदी सांगतो. पण ‘बालगंधर्वांची एक, हिराबाईंच्या दोन’ याच्यापुढे काही कळत नाही. यादी कशी करावी? आणि कन्नड-तेलुगू तबकड्या देऊन टाकाव्यात का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. देऊ नका, निदान यादी होईपर्यंत तरी. सोलापूर तीन भाषांचं गाव आहे आणि होटगीवरून गदगला जाणारी गाडी धारवाड-हुबळीकडचं गाणं इथल्या घरांत सहज आणून सोडत असे. लेबलावर कन्नड अक्षरं दिसली म्हणजे आत नाटकातलं पद किंवा सिनेमाचं गाणंच असेल असं नाही. कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी रंगभूमीवर गायले. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या तरुणपणीच्या ७८ च्या तबकड्या आज शोधून सापडत नाहीत. ते अक्षर वाचणारा माणूस सोलापुरात दोन गल्ल्यांवर असतो, त्याला बोलवा, चहा पाजा आणि लेबलं वाचून घ्या.

आता यादी. आधी नंबर, मग राग, हा क्रम पाळा. कलाकाराच्या नावावरून तबकडी ओळखता येत नाही, कारण एकाच गायकाचा एकच राग दोन कंपन्यांनी, दोन वेगळ्या वर्षी ध्वनिमुद्रित केलेला असू शकतो. प्रत्येक तबकडीला वहीचं अर्धं पान द्या आणि या क्रमानं लिहा.

पहिलं, कंपनी आणि लेबलाचा रंग. हिज मास्टर्स व्हॉइस (एचएमव्ही), ओडियन, कोलंबिया, यंग इंडिया, मेगाफोन, हिंदुस्थान, ट्विन, झोनोफोन अशी नावं दिसतील. एकाच कंपनीच्या निरनिराळ्या रंगांच्या लेबलांची किंमत वेगळी ठेवलेली असे, म्हणून रंगाची नोंद टाळू नका.

दुसरं, कॅटलॉग नंबर. हा लेबलावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि दोन्ही बाजूंना बहुधा एकच असतो. दुकानदार यावरूनच मागणी नोंदवत असे.

तिसरं आणि सगळ्यात कामाचं, मॅट्रिक्स नंबर. हा दोन्ही बाजूंना वेगळा असतो. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर तो कोरलेला किंवा दाबलेला दिसतो, कधी लेबलाच्या कागदाखाली उठून आलेला असतो. बॅटरी तिरपी धरली की वाचता येतो. हा मूळ मुद्रणाचा नंबर आहे. कॅटलॉग नंबर बदलतो, लेबल बदलतं, पण मॅट्रिक्स तोच राहतो. अब्दुल करीम खाँसाहेबांनी शेवटच्या काही वर्षांत, १९३४ पासून पुढे, ओडियनसाठी गायलेलं गाणं नंतर कोलंबियाच्या लेबलावरही निघालं. एक ओडियन आणि एक कोलंबिया घेऊन ‘दोन वेगळी गाणी मिळाली’ अशा आनंदात कुणी असेल, तर मॅट्रिक्स जुळवून पाहावा. नंबराच्या शेवटी सुटा आकडा असेल तर तो बहुधा ‘टेक’चा, म्हणजे तेच गाणं कितव्यांदा गायलं याचा. तोही उतरवा. कधी कधी एकाच कॅटलॉग नंबरावर दोन वेगळे टेक विकले गेले आहेत.

चौथं, लेबलावरचं सगळं जसंच्या तसं: नाव, पदवी, चीज, राग, ताल, स्पेलिंगच्या चुकांसकट. तुमच्या कानाला लागलेला राग वेगळा वाटला तर तो खाली कंसात लिहा, वर खाडाखोड करू नका. लेबलावरचा राग नेहमी बरोबर असतोच असं नाही.

पाचवं, आकार. दहा इंची बाजू तीन ते साडेतीन मिनिटं चालते, बारा इंची चार ते साडेचार. एकाच बाजूला गाणं आणि दुसरी बाजू कोरी असेल तर तबकडी फार जुनी, साधारण १९०८ च्या आधीची. त्या काळी आपल्याकडचं मुद्रण दाबायला जर्मनीत हॅनोव्हरला जाई. कलकत्त्यात सियालदहला कारखाना झाला तो १९०८ साली, पुढे ते काम दमदमला गेलं. गायक शेवटी स्वतःचं नाव सांगतो तेही याच काळातलं. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गायलेल्या गौहरजाननं इंग्रजीत नाव सांगितलं ते ऐटीसाठी असेलही, पण परदेशी कारागिराला मेणाच्या पाट्या ओळखता याव्यात हा त्यातला व्यवहार होता.

शेवटी अवस्था, दोन्ही बाजूंची वेगळी. ‘चांगली आहे’ असं लिहू नका. तबकडी मधल्या भोकात बोट घालून लटकती धरा आणि कडेवर नखानं हलकी टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक, ‘ठस्स’ आवाज आला तर कुठंतरी केसासारखी चीर आहे. मग खिडकीशी तिरप्या उजेडात पाहा. काळी चकाकी म्हणजे चर, म्हणजे सुई जिच्यातून जाते ती बारीक खाच, शाबूत. राखाडी पट्टे दिसले तर ती धूळ नाही, पोलादी सुईनं घासलेली लाख आहे, कितीही धुतली तरी जाणार नाही. हा राखाडीपणा बहुधा लेबलाजवळच्या चरांत आणि गायक जोरात तान घेतो तिथं जास्त असतो. कडेचा टवका चरापर्यंत पोहोचला नसेल तर त्याची फिकीर करू नका.

बैठकीत हे सगळं मोठ्यानं वाचायची गरज नाही. नंबर, गायक, राग, अवस्था आणि किती रुपयांना, एवढं पुरे. किंमत मात्र सांगाच. लपवली की पुढच्या महिन्यात सगळेच लपवतात.

प्रश्न (जुळे सोलापूर): घरी बोअरचं पाणी आहे. त्यात साबण घालून आठ तबकड्या धुतल्या. वाळल्यावर पांढुरके ठिपके राहिले आणि वाजवताना खरखर वाढली. तीन तबकड्यांवर चिकट डाग होते म्हणून मेडिकलमधल्या स्पिरिटनं पुसल्या, त्या आता निस्तेज दिसतात आणि हाताला काळं लागतं. काय चुकलं?

उत्तर: दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली सुधारेल, दुसरी नाही.

बोअरच्या जड पाण्यातले क्षार पाणी उडून गेल्यावर चराच्या तळाशी बसतात, तेच पांढरे ठिपके. सुई त्यावरून जाते तेव्हा चरचर ऐकू येते. नळाचं पाणीही यासाठी नको, आणि आरओचंही नको, त्यातही थोडे क्षार राहतातच. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या. डबा सीलबंद आहे ना आणि त्यावर पाणीच लिहिलंय ना हे नीट बघा, त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तशाच डब्यात ठेवलेलं असतं.

स्पिरिटची गोष्ट अशी. ७८ ची तबकडी लाखेची असते. लाखेत दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू मिसळून ती दाबलेली असते. सुतार फर्निचरला पॉलिश करतो तेव्हा लाखेचा दाणा कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच. तुम्ही तबकडीला उलटं पॉलिश केलंत. हाताला लागलेलं काळं म्हणजे चराची भिंत. त्या तीन तबकड्यांना आता पुन्हा काही लावू नका, कोरड्या ठेवा आणि शेवटचं एकदा वाजवून मुद्रण करून घ्या.

लाखेच्या तबकडीसाठी अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात बिनरंगी, बिनवासाच्या भांड्यांच्या लिक्विडचे तीन-चार थेंब पुरतात. त्याहून जास्त घातलं तर साबणाचा थर राहतो आणि सुईवर मेणासारखा गोळा जमतो. लेबल वाचवण्यासाठी डब्याचं झाकण किंवा गोल चकती वापरा. ७८ चं लेबल साधारण तीन इंचांचं असतं आणि एलपीचं, म्हणजे ३३ फेऱ्यांच्या लांब चालणाऱ्या तबकडीचं, चार, म्हणून चार इंची चकती दोन्हीला चालते. खाली रबराची रिंग लावून घट्ट दाबा. मऊ ब्रश, लहान मुलांचा दातांचा ब्रश उत्तम, चराच्या दिशेनं गोल फिरवा. आडवा कधीही नाही. चार-पाच फेऱ्या झाल्या की दुसऱ्या ब्रशनं नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवा. एका तबकडीला पन्नास मिली पुरतं. बादलीत बुडवून ठेवू नका. कडेला टवके असलेल्या तबकड्या पाणी पितात, आणि काही बनावटींच्या पोटात कागदाचा थर असतो, तो फुगला की तबकडी गेली.

पुसायला जुनं, खूप धुतलेलं धोतर किंवा पंचा. सोलापुरी टॉवेल ओट्यावर अंथरायला छान, पण पुसायला नाही: त्याचे फंदे टवक्यात अडकतात आणि तंतू सुटतात. मग भांड्यांच्या उभ्या जाळीत सावलीत दोन तास. पंख्याखाली नको, पंखा धूळ उडवतो आणि ती ओल्या चरात बसते.

एलपी आणि ४५ ची ईपी ही व्हिनाइलची असते, तिला अल्कोहोल चालतं. ८०० मिली डिस्टिल्ड पाणी, २०० मिली शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेच तीन-चार थेंब. हात धुवायचं सॅनिटायझर मात्र नको, त्यातलं ग्लिसरीन चरात राहतं. एलपीवर क्षाराचे डाग असतील तर २०० मिली डिस्टिल्ड पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून मिनिटभर फिरवा आणि दोनदा नुसत्या पाण्यानं धुवा. लाखेवर व्हिनेगर नको, तिथं वरची धुलाईच दोन-तीनदा करा. तबकडी कोणत्या जातीची आहे अशी शंका असेल तर ७८ लिहिलेलं प्रत्येक काही लाखेचंच समजा.

प्रश्न (होटगी रोड): पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यावर एलपी आडव्या रचून ठेवल्या होत्या. मे महिन्यानंतर पाच एलपींच्या कडा लाटेसारख्या झाल्या. उन्हात काचेखाली ठेवल्या तर सरळ होतात असं ऐकलं.

उत्तर: उन्हात ठेवू नका. काळी तबकडी उन्हात बघता बघता साठ अंशांच्या वर तापते आणि तिथं व्हिनाइल नुसतं मऊ होत नाही, चरही बसतात. मग तबकडी सपाट होते पण आवाज दबतो. सपाट दिसते म्हणून विकणारे लोक असतात, म्हणून हे सांगितलं.

सोलापूरच्या मेमध्ये बंद खोलीतली सावलीच ४०-४२ अंशांची असते. तिचा उपयोग करा. ६ मिलीमीटर जाडीच्या, तेरा-चौदा इंची दोन सपाट काचा घ्या. एलपी धुऊन पूर्ण कोरडी करा, मध्ये धुळीचा एक कण राहिला तर तो चरात दाबला जाईल. वर चार-पाच किलो वजन समान पसरून ठेवा आणि आठ-दहा दिवस हात लावू नका. कडेची बारीक लाट यानं कमी होते, सगळी जात नाही. बशीसारखी खोलगट झालेली तबकडी मात्र बहुधा तशीच राहते. थोडी लाट उरली तरी सुई उडत नसेल तर वाजवा, आवाजात डुलणं येतं ते फक्त लांब सुरावर कळतं.

ठेवण्याबद्दल: उभ्या, सरळ, एकमेकींना हलक्या टेकलेल्या. तिरक्या कललेल्या एलपी काही महिन्यांत वाकतात. फुटभर जागेत साठ-सत्तर एलपी बसतात आणि वजन पंधरा किलोच्या पुढे जातं, तेव्हा भिंतीतली पातळ फळी चालणार नाही. पश्चिमेच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट असेल तर ती भट्टीच. आतल्या भिंतीचा खालचा कप्पा सगळ्यात थंड असतो. आणि कूलरच्या झोतापासून लांब ठेवा. कूलर खोली गार करतो पण हवा दमट करतो, तबकडीला त्याचं फारसं काही नाही, पण जाकिटाच्या पुठ्ठ्याला बुरशी आणि मागून कसर लागते.

जाकिटातली जुनी, जाड, तेलकट वाटणारी प्लॅस्टिकची पिशवी काढून टाका. पीव्हीसीची पिशवी उष्णतेत एलपीला चिकटते आणि धुक्यासारखा डाग ठेवते, तो धुऊन निघत नाही.

प्रश्न (दमाणी नगर): सुटकेससारखा दिसणारा नवा प्लेअर घेतला. त्यावर ३३, ४५, ७८ तिन्ही वेग आहेत. एलपी बरी वाजते, ७८ मात्र फार खरखरते आणि आवाज बारीक येतो. वडिलांचा चावीचा ग्रामोफोन याहून मोठा वाजतो!

उत्तर: वेग आहे, सुई नाही. ७८ चा चर रुंद असतो, त्याला सुमारे ३ मिलची, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपास टोकाची सुई लागते. एलपीची सुई १ मिल किंवा त्याहून बारीक असते. ती रुंद चरात भिंतींना टेकत नाही, तळाशी घासत जाते, आणि शंभर वर्षांचा कचरा तळाशीच साठलेला असतो. तुम्हाला गाणं कमी आणि कचरा जास्त ऐकू येतोय.

अशा प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरून तिच्या हालचालीची वीज करणारा भाग) असतं आणि काहींना ७८ ची वेगळी सुई मिळते. लाल रंगाची सुई म्हणजे ७८ ची असं समजू नका, पाकिटावर ७८ किंवा ३ मिल लिहिलेलं पाहून घ्या. जुन्या एचएमव्ही फिएस्टासारख्या प्लेअरांत सुईचा छोटा दांडा फिरवून एलपीची बाजू किंवा ७८ ची बाजू खाली आणता येते. फिएस्टा हाताशी असेल तर आधी तो दांडा कुठल्या बाजूला आहे ते बघा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

जरा खर्च करायची तयारी असेल तर सुई बदलता येणारं मॅग्नेटिक कार्ट्रिज घ्या. उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच कार्ट्रिजवर व्हीएमएन९५ई ही एलपीची सुई आणि व्हीएमएन९५एसपी ही ७८ ची सुई आलटून पालटून बसते. पहिलीला २ ग्रॅम दाब लागतो आणि दुसरीला ५ ग्रॅम. सुई बदलली की दाबही बदलायचा, हे विसरणारे फार. पाच ग्रॅमवर एलपी वाजवली तर एलपीचं आयुष्य कमी होतं, दोन ग्रॅमवर ७८ वाजवली तर जोरकस तानेला सुई उडते.

वडिलांच्या ग्रामोफोनचं: त्यावर एलपी किंवा ईपी चुकूनही वाजवू नका. सुई धरणाऱ्या साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं, एका वाजवण्यात व्हिनाइलचा चर नांगरला जातो. ७८ साठी नियम जुनाच, एक बाजू, एक सुई. पोलादी सुई बाजू संपेपर्यंत चराच्या आकारात झिजलेली असते, तीच पुढच्या तबकडीवर टेकवली तर छिन्नी होते. एका बाजूला एक याप्रमाणे दोनशे सुयांच्या डबीत शंभर तबकड्या होतात. यात काटकसर करू नका.

प्रश्न (बाळीवेस): काही तबकड्यांत गायकाचा सूर फारच चढा वाटतो. मशीन बिघडलंय की तबकडीच तशी?

उत्तर: दोन्ही शक्य आहेत. आधी मशीन तपासा. तबकडीच्या कडेजवळ कागदाचा तुकडा ठेवा आणि सुई लावून, गाणं वाजत असताना, फेरे मोजा. ३० सेकंदांत ३९ झाले तर ७८ बरोबर. सुई न लावता मोजलं तर आकडा फसवा येतो, कारण चावीच्या यंत्राला सुईचा भार थोडा मागं ओढतो. गव्हर्नरचा, म्हणजे यंत्राचा वेग आवरणाऱ्या भागाचा, स्क्रू मग जराजरा फिरवा.

इलेक्ट्रिक प्लेअरला रेघांची स्ट्रोब चकती छापून घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ७८ साठी ७७ रेघा आणि ३३⅓ साठी १८० रेघा लागतात. दिव्याखाली रेघा थांबलेल्या दिसल्या की वेग बरोबर. हे एलईडी बल्बखाली बहुधा दिसत नाही, तो पुरेसा लुकलुकत नाही. जुना तांब्याच्या चोकचा ट्यूबलाइट किंवा साधा पिवळा बल्ब पाहिजे. वीज गेलेली असताना, इन्व्हर्टरवर ही तपासणी करू नका.

मशीन बरोबर असेल तर तबकडीकडे या. ७८ हा आकडा नंतर स्थिरावला. १९१० च्या आगेमागे ७० पासून ८० च्या वरपर्यंत वेग आढळतात. एक स्वर, म्हणजे पेटीच्या शेजारच्या पट्टीएवढा फरक, सहा टक्क्यांचा असतो. ७८ वर तो साडेचार फेऱ्यांचा होतो. तेव्हा पेटी घ्या, गायकाचा षड्ज कुठं लागतो ते पाहा, आणि त्याच गायकाच्या त्याच दिवशीच्या, म्हणजे शेजारच्या मॅट्रिक्स नंबराच्या, दुसऱ्या तबकडीशी जुळवा. दोन्हींत षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकत असेल तर वेग चुकीचा आहे अशी शंका घ्यायला जागा आहे. मुद्रणातली पेटी आजच्या पेटीशी जुळेलच असं नाही, एवढं लक्षात ठेवून. शेवटी आवाजाचा पोत निर्णय देतो. तान चिवचिवत असेल तर वेग जास्त, स्वरांतला कंप आळसावलेला वाटला तर कमी. बालगंधर्वांच्या बाबतीत मात्र घाई करू नका, तो आवाज खरोखरच तिथं जात असे.

प्रश्न (पंढरपूर): पुण्याच्या जुन्या बाजारातून अकरा एलपी आणल्या. काहींवर ईएएलपी, काहींवर ईएएसडी, काहींवर ईसीएलपी अशी अक्षरं आहेत. स्टिरिओ चांगली ना?

उत्तर: एचएमव्हीच्या या मालिकांत एलपी म्हणजे मोनो, एसडी म्हणजे स्टिरिओ. चांगली-वाईट त्यावरून ठरत नाही. पन्नास-साठच्या दशकातलं बरंचसं कंठसंगीत मोनोतच मुद्रित झालंय, आणि चांगल्या अवस्थेतली मोनो एलपी घासलेल्या स्टिरिओपेक्षा कधीही बरी. मोनो वाजवताना ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर लगेच कमी होते. बाजारात रविवारी आणि बुधवारी जाता तेव्हा बॅटरी सोबत न्या. तिथल्या उन्हात सगळ्याच तबकड्या चमकतात.

प्रश्न (अक्कलकोट): तीन मिनिटांत ख्याल कसला? ७८ जमवण्याऐवजी सरळ लांब मैफलींच्या कॅसेट जमवाव्यात असं वाटतं.

उत्तर: जमवा, पण ७८ ला ख्यालाचा तुकडा समजू नका. गायक घड्याळ समोर ठेवून, काय गाळायचं ते ठरवून गात असत. बढत गाळलेली असते, पण मुखडा कसा उचलायचा, समेवर कसं यायचं, तान कुठं तोडायची हे सगळं दाट होऊन आलेलं असतं. व्हॉयेजर यानांबरोबर १९७७ मध्ये पाठवलेल्या सोन्याच्या तबकडीवर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. कमी वाटते का ते ऐकून ठरवा.

कॅसेटचं म्हणाल तर पुण्याच्या अलूरकरांसारख्या लेबलच्या कॅसेट आजही ऐकण्याजोग्या आहेत, पण उष्णतेत फितीमागचा स्पंजचा तुकडा गळून पडतो आणि आवाज कोंदट होतो. वाजवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. दुसऱ्या कॅसेटचा पाच स्क्रूंचा सांगाडा मिळाला तर फीत त्यात हलवता येते.

प्रश्न (अशोक चौक): नव्या तबकड्यांचं मुद्रण मोबाइलवर करून बैठकीच्या ग्रुपवर टाकतो. ते चालतं का, आणि आवाज लांबून आल्यासारखा का येतो?

उत्तर: मोबाइल स्पीकरसमोर धरल्यावर खोली मुद्रित होते, तबकडी नाही. प्लेअरचा तारेतला आवाज यूएसबी इंटरफेसमधून संगणकात घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर स्टिरिओत घ्या, मिनिटाला साडेचौतीस एमबी जागा लागते, दहा इंची बाजूला सव्वाशेच्या आत. लाखेची तबकडी मोनो असली तरी स्टिरिओतच घ्या, आणि नंतर डावा-उजवा दोन्ही चॅनल एकत्र करा, सुईच्या वर-खाली हलण्यानं आलेला गोंगाट यात बराच कटतो. मूळ प्रत न बदलता जपून ठेवा, सफाई नकलेवर करा. खरखर काढायचं बटण जोरात फिरवलं की तंबोरा जातो, आणि तो गेला की राग उघडा पडतो.

प्लेअरला ७८ नसेल तर ७८ ची सुई लावून ४५ वर मुद्रण करा आणि ऑडॅसिटीत वेग ७३.३ टक्क्यांनी वाढवा. सूर बरोबर येतो. जाड-बारीक आवाजाचा तोल मात्र बिघडतो, कारण प्रीॲम्पमधली (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागातली) आरआयएए सुधारणा, म्हणजे मुद्रणात बदललेला तोल परत जागेवर आणणारी, १९५० च्या दशकात रूढ झालेली, एलपीच्या हिशोबानं केलेली असते. ७८ ना तशीही ती पूर्ण लागू नाही. १९२५ च्या आधीच्या कर्ण्यातून मुद्रित तबकड्यांना तर कसलीच नको. टोन कानानं ठरवा.

हक्कांचं थोडक्यात: भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं संरक्षित असतं. १९६० ची एलपी २०२० संपेपर्यंत. शब्द आणि चाल कुणा रचनाकाराची असेल तर त्यांचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणून नाट्यपदांना पारंपरिक चिजेचा न्याय लावू नका. बैठकीत तबकडी वाजवून ऐकणं आणि ती सगळीकडे पाठवणं यात फरक आहे. आणि जे पाठवाल त्याच्या नावात मॅट्रिक्स नंबर घाला. ‘जुनं दुर्मीळ गाणं’ या नावाच्या फायली कुणाच्याच कामाच्या नाहीत.

प्रश्न (शेळगी): कोल्हापूरहून कुरिअरनं मागवलेल्या सहा ७८ पैकी चार फुटून आल्या. पॅकिंग कसं सांगावं?

उत्तर: पाठवणाऱ्याला लेखी कळवा: प्रत्येक तबकडी कागदी पाकिटात, दोन तबकड्यांमध्ये नालीदार पुठ्ठा, आणि गठ्ठा दोन्ही बाजूंनी तबकडीहून मोठ्या पुठ्ठ्यात बांधून मोठ्या खोक्यात मधोमध. चारही बाजूंना दोन-दोन इंच कागदाचे बोळे किंवा फोम. खोकं हलवल्यावर आत काही हललं तर पुन्हा बांधायचं. एका खोक्यात दहापेक्षा जास्त नको. दहा इंची तबकडी पाव किलोच्या आसपास असते आणि खोकं जड झालं की हमाल ते ठेवत नाही, टाकतो. एलपी असेल तर ती जाकिटाबाहेर काढून मागं ठेवायला सांगा, नाहीतर आदळली की जाकिटाची शिवण फाडून बाहेर येते. सोलापूरहून पाठवताना जुनी चादर भरायला हाताशी असते, पण ती गठ्ठ्याभोवती गुंडाळा, तबकड्यांमध्ये नको. तिची घडी मध्ये आली की तिथंच तडकते.